बनावट पोलरायझर : फिल्टर विकत घेण्यापूर्वी हे जरूर वाचा

निसर्गचित्रणासाठी लेन्सवर लावायचे बनावट फिल्टर बाजारात राजरोस विकले जात आहेत, आणि ही फसवणूक उशिरा लक्षात येते म्हणून ती अधिक घातक आहे. बनावट बॅटरी फुगते, बनावट मेमरी कार्डातली छायाचित्रे उडतात, म्हणजे त्यांचे पितळ लवकर उघडे पडते. फिल्टरचे तसे नसते. बनावट फिल्टर थोडेफार काम करतो आणि थोडेफार चित्र बिघडवतो, त्यामुळे उणीव काचेत आहे की आपण निवडलेल्या चौकटीत, हे ठरवणे कठीण होते. माझे पैसे तर गेलेच, पण एक अख्खा पावसाळा मी चुकीच्या काचेतून सह्याद्री पाहत राहिलो. इतरांवर ही वेळ येऊ नये म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर मला दोन फिल्टर हवे होते : ७७ मिलिमीटरचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, आणि त्याच मापाचा १० स्टॉपचा एनडी, म्हणजे लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका दुकानात नामांकित जपानी कंपनीचे दोन्ही फिल्टर अधिकृत किमतीच्या जेमतेम निम्म्या दराने मिळत होते. इतके स्वस्त कसे, असे विचारल्यावर विक्रेत्याने शांतपणे सांगितले, ‘‘साहेब, माल अस्सल आहे, फक्त कंपनीच्या वितरकामार्फत आलेला नाही. म्हणून वॉरंटी नाही आणि म्हणूनच भाव कमी.’’ असा माल बाजारात खरोखरच असतो, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखे होते. मग त्याने काउंटरवरचा नमुना माझ्या हातात दिला. काउंटरच्या काचेत छतावरच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडले होते. फिल्टर डोळ्यासमोर धरून फिरवताच ते प्रतिबिंब पुसल्यासारखे नाहीसे झाले आणि काचेखालच्या लेन्सवरची अक्षरे स्पष्ट वाचता आली. तो नमुना अस्सल होता याबद्दल आजही मला शंका नाही. खरी चलाखी त्यानंतर झाली. ‘‘हा हाताळलेला आहे, तुम्हाला सीलबंद देतो,’’ असे म्हणून त्याने पोऱ्याला माळ्यावर पाठवले आणि वरून आलेली दोन सीलबंद पाकिटे माझ्या पिशवीत घातली. पक्के बिल मागितले तेव्हा जीएसटी वेगळा लागेल असे सांगून त्याने केवळ रक्कम लिहिलेली एक चिठ्ठी दिली. पैसे यूपीआयने घेतले, पण ते दुकानाच्या नावावर नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात जमा झाले.

पोलरायझर नेमके काय करतो हे समजल्याशिवाय माझे नुकसान कळणार नाही. ओला कातळ, पाण्याचा पृष्ठभाग आणि भिजलेली पाने यांवरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेने ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात. पोलरायझर फिरवून तो अडवता येतो, आणि मग चकाकीखाली दडलेला मूळ रंग वर येतो. या बदल्यात सुमारे दीड ते दोन स्टॉप प्रकाश खर्च होतो. निळे आकाश गडद करण्यासाठी लोक हा फिल्टर घेतात, परंतु माझ्या मते सह्याद्रीत त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात, आभाळ पूर्ण झाकोळलेले असताना होतो, कारण त्या दिवसांत अवघा डोंगर ओला असतो आणि प्रत्येक ओला दगड पांढऱ्या आभाळाचा तुकडा परत फेकत असतो.

भंडारदऱ्याच्या परिसरात, घाटघर आणि साम्रदच्या बाजूला, असे असंख्य ओढे आहेत. ओढ्याच्या पात्रात कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावायचा, जवळचा काळा कातळ अग्रभागी घ्यायचा आणि पाण्याची रेघ नजरेला रतनगडाकडे घेऊन जाईल अशी चौकट बांधायची, हा माझा बेत होता. प्रत्यक्षात प्रत्येक चित्रात अग्रभागातल्या दगडांवर पांढुरके डाग राहत होते. मानवी नजर चौकटीतल्या सर्वांत उजळ जागेकडे आधी धावते. ते डाग कोपऱ्यांत असल्यामुळे नजर ओढ्याबरोबर आत जाण्याऐवजी कडेलाच अडकत होती. फिल्टर पूर्ण फिरवूनही डाग जात नाहीत, म्हणजे जागा चुकली, असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. मग मी कॅमेरा उंच नेला, अग्रभाग छाटला, पाणी कमी केले आणि दूरच्या डोंगराला अधिक जागा दिली. चित्रे नीटनेटकी झाली, पण सपाट झाली. त्यांतली खोली गेली. ज्या रचना योग्य होत्या त्या मी एकेक करून सोडून देत होतो. अशा फसवणुकीचा हिशेब केवळ रुपयांत मांडता येत नाही तो यामुळे. नव्याने शिकणाऱ्या माणसाला तर ती चुकीचे धडे देते, आणि ते धडे पुसायला फिल्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो.

संशय पक्का झाला तो एनडी फिल्टरमुळे. १० स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटीने कमी करतो. म्हणजे फिल्टरविना शटर १/६० सेकंद उघडे राहणे पुरत असेल तर फिल्टर लावल्यावर साधारण १५ सेकंद लागले पाहिजेत. माझ्या फिल्टरला ४ सेकंदांतच तितकाच उजेड मिळत होता, याचा अर्थ तो १० नव्हे तर ८ स्टॉपचा होता. त्यातच रंगात जांभळट-तपकिरी झाक येत होती. झाक सगळीकडे सारखी असेल तर व्हाइट बॅलन्स (चित्रातल्या रंगांचा समतोल) बदलून ती काढता येते. परंतु हलक्या प्रतीच्या गडद काचेतून अवरक्त प्रकाश निसटतो आणि तो हिरव्या पानांवर एक परिणाम करतो, तर काळ्या दगडावर दुसरा. अशी झाक पुसू गेल्यास एक रंग सुधारतो आणि दुसरा बिघडतो.

या क्षेत्रात अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना मी दोन्ही फिल्टर दाखवले. त्यांनी लॅपटॉपवर कोरे पांढरे पान उघडले आणि माझा पोलरायझर पडद्यासमोर धरून फिरवला. साध्या एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवितच असतो, त्यामुळे फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे आणि लेन्सवर बसणाऱ्या आट्यांची बाजू आपल्याकडे ठेवून तो पूर्ण एक फेरा फिरवला, तर दोनदा तो जवळजवळ काळा झाला पाहिजे. त्यांचा फिल्टर झाला. माझा करडा, मग तपकिरी झाला, पण त्यातून पडदा सतत दिसतच राहिला. नंतर त्यांनी आपला फिल्टर उलटा धरला. आता फिरवूनही काळोख येईना, केवळ रंगाची छटा किंचित बदलत होती. सर्क्युलर पोलरायझरची हीच खूण आहे, कारण त्याच्या मागच्या बाजूला आणखी एक थर असतो. दोन्ही बाजूंनी काळा होणारा फिल्टर लिनियर, म्हणजे हा थर नसलेला, समजावा, आणि कोणत्याच बाजूने काळा न होणारा निकामी. लॅपटॉप सोबत नसेल तर साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरही ही चाचणी करता येते. ती दुकानातच करावी, आणि नमुन्यावर न करता जो फिल्टर आपण घरी नेणार आहोत त्याचे सील दुकानदाराला फोडायला लावून त्याच्यावर करावी. माझ्या अनुभवातला सर्वांत उपयोगी मुद्दा कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन.

दुसरी तपासणी ट्यूबलाइटखाली होते. कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा पातळ लेप, नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते, म्हणून तिच्यात ट्यूब पांढरीशुभ्र दिसते. असे अनेक लेप दिलेल्या, म्हणजे मल्टिकोटेड काचेत तीच ट्यूब मंद, हिरवट किंवा जांभळट दिसते. माझ्या दोन्ही फिल्टरांच्या कडेवर ‘मल्टिकोटेड’ असे कोरलेले होते आणि दोन्हींत ट्यूब लख्ख पांढरी दिसत होती. पाकीटही बोलके होते. आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. माझ्या पाकिटांवर यातले काहीही नव्हते, फक्त एक चमकदार होलोग्राम होता. चमकणाऱ्या चिकटपट्टीला पुरावा मानू नये.

त्याच दुकानात मला यूव्ही फिल्टरही गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला होता. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अतिनील प्रकाश अडवणारी काच आधीच असते, त्यामुळे लेन्सच्या रक्षणापलीकडे त्याचा उपयोग नगण्य आहे.

स्नेह्यांचा अस्सल पोलरायझर घेऊन मी त्याच ओढ्यावर पुन्हा गेलो. खाली लावलेला कॅमेरा, जवळचा कातळ, पाण्याची रेघ, सर्व पूर्वीसारखेच होते. पण फिल्टर हळूहळू फिरवताना दगडांवरचे पांढरे डाग विरत गेले, उथळ पाण्याखालचे गोटे दिसू लागले आणि शेवाळाचा हिरवा रंग भरून आला. हेही सांगितले पाहिजे की अस्सल फिल्टरसुद्धा दर वेळी टोकापर्यंत फिरवायचा नसतो. जलाशयातले कळसूबाईच्या रांगेचे प्रतिबिंब हवे असेल तर तो त्यालाही पुसतो, आणि अतिशय रुंद कोनाच्या लेन्सवर निळ्या आकाशात एक गडद पट्टा उमटवतो, कारण त्याचा प्रभाव सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो.

दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा त्याने आधी ‘‘हा माल आमचा नाहीच’’ असे सांगितले. यूपीआयची नोंद आणि चिठ्ठीचे अक्षर दाखवल्यावर त्याने दोन्ही फिल्टर परत दिल्यास निम्मी रक्कम देण्याची तयारी दाखवली. तेच फिल्टर उद्या दुसऱ्याच्या पिशवीत जाणार हे उघड होते, म्हणून मी नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली; ही हेल्पलाइन समझोता घडवू शकते, आदेश देऊ शकत नाही, आणि दुकानदाराने तिला दाद दिली नाही. त्यानंतर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली असून निकाल अजून लागायचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदी दुसऱ्या शहरात झाली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत २ वर्षांची असते. ज्यांना अशा फिल्टरचा संशय आहे त्यांनी पाकीट, चिठ्ठी आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी, आणि पडद्यासमोरच्या चाचणीचे चित्रीकरण आजच करून घ्यावे.