चॉपरला काढता येणाऱ्या हार्ड सॅडलबॅग, काम एकदम भारी

माझ्या बुलेट ३५० वर बांधलेल्या चॉपरला (पुढचा फोर्क लांब असलेली मॉडिफाय बाईक) पुण्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून फायबरच्या हार्ड सॅडलबॅग (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या कडक पेट्या) बसवून घेतल्या, काम बघून जीव खुश झाला. चॉपरला बॅगसाठी कायमची फ्रेम ठोकली की मागची सगळी लाईनच जाते हो, म्हणून काढता येणाऱ्याच हव्या होत्या. त्यांनी फेंडर स्ट्रटच्या (मागचा मडगार्ड धरणाऱ्या पट्टीच्या) बोल्टच्या जागी लांब बोल्ट टाकून त्यावर छोटे स्टीलचे स्पूल (रिळासारखे खुंट) बसवलेत, बॅग सरकवायची, आतून नॉब फिरवला की लॉक, पाना लागतच नाही.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे ब्रॅकेट वाकवायच्या आधी दोघांना गाडीवर बसवून शॉकअप दाबला, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) कुठवर येतो ते खडूने मार्क केलं आणि मगच कटिंग, शिवाय सायलेन्सरच्या बाजूला गॅप ठेवून हीट शील्ड टाकलं, नाहीतर फायबर तापून रंगाची वाट लागते. इंडिकेटर झाकले जात होते ते नंबर प्लेटजवळ हलवायचे पैसे मात्र वेगळे घेतले, हे आधी सांगायला पाहिजे होतं. झाकणाचं रबर पण पातळ आहे, ताम्हिणी घाटातल्या पावसात आत ओल आली. खड्ड्यांत खडखड अजिबात नाही, स्पूलला रबर बुश आहेत ना.