वळचणीला लावलेली ६ मिमीची जीआय जाळी, दीड वर्ष वापरून

आमचं घर जुनं, कौलारू. वळचणीला भिंत संपते तिथे दर दोन वाशांमध्ये मोकळी फट आणि रात्र झाली की माळ्यावर नुसती पळापळ. आधी मी स्प्रेवाला फोम मारला होता, तो आठवडासुद्धा टिकला नाही, सकाळी बघतो तर खाली पिवळा भुगा आणि फोमला आरपार गोल भोक. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात, त्याला कुरतडावंच लागतं, फोम काय नि प्लास्टिकची जाळी काय.

मग ही वेल्डेड जीआय जाळी, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी तारेची, आणली, भोकं ६ मिमीची, तार साधारण १ मिमी. १२ मिमीची पण मिळते, ती घेऊ नका, लहान उंदीर तिच्यातून सहज घुसतो. दीड वर्षात एक तार तुटलेली नाही. शिवाय फटी सिमेंटने बुजवल्या असत्या तर माळा कोंदटला असता आणि वाशांना ओल धरली असती, जाळीतून हवा खेळती राहते, मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

तक्रार एकच, जिथे कापतो तिथे जस्ताचा थर जातो आणि नेमका तिथेच गंज धरतो, त्या टोकांना झिंक पेंट माराच. आणि जुन्या वाशात खिळे ठोकले की लाकूड चिरतं, त्यामुळे बारीक ड्रिल मारून स्क्रू आणि मोठे वॉशर वापरा.

पण लावायच्या आधी आत कोणी आहे का ते बघा, प्लीज. मी घाई केली. दुसऱ्या दिवशी एक खार बाहेरून जाळीला लटकून ओरडत होती आणि आतून बारीक चिकचिक ऐकू येत होती, पिल्लं आत राहिली होती. पोटात गोळाच आला. लगेच एक बाजू सोडवली आणि लांब जाऊन बसलो, तिने एकेक पिल्लू तोंडात धरून समोरच्या झाडावर नेलं. वटवाघळं असतील तर पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबायचंच. आता मी आधी फटीत कागदाचा सैल बोळा ठेवतो, दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही तरच स्क्रू मारतो, तेही पिल्लांचा सीझन सोडून, कारण डोळे न उघडलेली पिल्लं बोळा कशी हलवणार.