सीएमटी किट: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गाईला दगडी, म्हणजे कासदाह (कासेचा संसर्ग), झाली की ती सगळ्यांना कळते. कास सुजते, तापते, धारेत गुठळ्या येतात, गाय हात लावू देत नाही. पण त्याआधीचा सुप्त, म्हणजे बाहेरून लक्षणं न दाखवणारा, कासदाह दिसतच नाही. दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, गाय खाऊन-पिऊन व्यवस्थित, आणि एका सडातलं दूध मात्र हळूहळू उतरत जातं. संकलन केंद्राच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, संसर्ग झाला की दुधात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा येत नाही. शिवाय त्या एका सडाचं दूध बाकीच्या दुधात मिसळलं की सगळं झाकलं जातं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंवर मी सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट या कासदाहाच्या चाचणीचं, किट वापरते आहे.

चाचणी १९५७ सालची, कॅलिफोर्नियातली, आणि आजही गोठ्यात तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. चार कप्प्यांची पट्टी आणि जांभळं द्रावण, एवढंच सामान. सड धुऊन कोरडे करायचे, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, मग प्रत्येक सडाचं दूध त्याच्या कप्प्यात. पट्टी तिरपी धरून जास्तीचं दूध सांडायचं, साधारण दोन मिली राहू द्यायचं आणि तेवढंच द्रावण घालून पट्टी गोल फिरवायची. सड निरोगी असेल तर मिश्रण पाण्यासारखं फिरत राहतं. संसर्ग असेल तर ते दाटतं. जास्त असेल तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा कप्प्याच्या मध्यभागी जमतो. द्रावणातला साबण पांढऱ्या पेशी फोडतो आणि त्यांच्यातल्या डीएनएमुळे हा चिकटपणा येतो. निकाल पंधरा-वीस सेकंदांत वाचायचा, कारण हलकी प्रतिक्रिया फिरवता फिरवता विरून जाते.

खरी अडचण या हलक्या प्रतिक्रियेचीच. मिश्रण किंचित दाटल्यासारखं वाटतं, पण गोळा होत नाही. गाईच्या दुधात मिलीलिटरला दोन लाखांच्या वर पेशी गेल्या की संसर्गाचा संशय घेतात, आणि ही पायरी त्याच आसपासची. एका वेळच्या चाचणीवरून अशा सडाबद्दल काहीच ठरवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. मी वहीत प्रत्येक गाईला चार रकाने केलेत आणि दर पंधरवड्याला नोंद करते. पट्टीची मूठ कायम गाईच्या शेपटीकडे धरते, म्हणजे कुठला कप्पा कुठल्या सडाचा यात घोळ होत नाही.

या वहीनेच राणीचा उजवा मागचा सड दाखवला. आधी स्वच्छ, मग किंचित, मग पुन्हा किंचित, मग सरळ गोळा. बाहेरून कासेला काही म्हणजे काही नव्हतं. डॉक्टरांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला, कारण सीएमटीवरून जंतू कोणता ते कळत नाही आणि जंतू कळल्याशिवाय अँटिबायोटिक देणं हा अंधारातला प्रकार. गाय आटवायला, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करायला, थोडेच दिवस राहिले होते, म्हणून त्यांनी आटवताना चारही सडांत औषधाच्या ट्यूब सोडल्या. व्याल्यानंतर तो सड स्वच्छ निघाला. दुसऱ्या एका गाईच्या नमुन्यात मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. तो कासेत खोल दडून बसतो, औषधाला सहज दाद देत नाही. ती गाय आता सगळ्यात शेवटी पिळतो, तिचं फडकंही वेगळं.

व्याल्यावर पहिला आठवडाभर ही चाचणी करू नये. चिकात पेशी मुळातच जास्त असतात. आटत आलेल्या गाईचंही तेच. गुठळ्या दिसत असतील तर द्रावण वाया घालवू नका, डॉक्टरांना बोलवा. कासदाह ओळखायला दुधाची विद्युतवाहकता मोजणारं हातातलं यंत्रही मी वापरून पाहिलं. एकाच गाईच्या चार सडांची तुलना करायला ते बरं, पण त्याच्या एकट्या आकड्यावर माझा भरवसा बसला नाही.

द्रावण पाणी घालून करायचं असेल तर बाटलीवरचं प्रमाण काटेकोर पाळा आणि मुदत बघा. दोन गाईंच्या मध्ये पट्टी धुवायचीच.

किट आणल्यानंतर गोठ्यात सर्वांत मोठा बदल धारेनंतरच्या अर्ध्या तासात झाला. त्या वेळात सडाचं तोंड पूर्ण मिटलेलं नसतं. आता धार झाली की लगेच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो आणि गव्हाणीत ताजी वैरण टाकतो, म्हणजे गाय खाली न बसता उभी राहते. वहीतल्या ‘किंचित’च्या नोंदी त्यानंतर कमी होत गेल्या. दोन-तीन गाई असलेल्यांनीही किट जरूर घ्यावं. चाचणीच्या द्रावणाची एक बाटली लहान गोठ्याला बरेच महिने पुरते.