प्रबंधाला पाकिस्तान घ्यावा की सौदी? सरकारी नोकराची बाजू ऐकण्याचा प्रश्न

एलएल.एम.च्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी ‘इस्लामी कायदा आणि सरकारी नोकराचं संरक्षण’ हा विषय घेतला की पहिला पेच देशाचा पडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पाकिस्तान घ्या. त्याचं कारण आपल्या घरातूनच सुरू होतं.

महाराष्ट्रात पन्नाशी-पंचावन्नीला किंवा ३० वर्षांच्या सेवेनंतर कर्मचाऱ्याचं पुनर्विलोकन होतं आणि अपात्र ठरल्यास त्याला सक्तीने निवृत्त करता येतं. बडतर्फ करायचं तर संविधानाचा अनुच्छेद ३११ आड येतो; दोषारोप, चौकशी, बचावाची संधी, सगळं करावं लागतं. सक्तीची निवृत्ती मात्र शिक्षा नाही, तिने कलंक लागत नाही, म्हणून तिथे नैसर्गिक न्यायाला, म्हणजे आधी म्हणणं ऐकून घेण्याला, जागा नाही, अशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. १९७० चं कर्नल जे. एन. सिन्हा प्रकरण आणि १९९२ चं बैकुंठनाथ दास प्रकरण वाचा. साधी कारणे दाखवा नोटीसही लागत नाही.

पाकिस्तानच्या १९७३ च्या नागरी सेवक कायद्यात कलम १३ खाली हीच सोय होती: पेन्शनपात्र २५ वर्षं भरली की सरकार ‘लोकहितार्थ’ निवृत्त करू शकत होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत अपील पीठाने १९८७ मध्ये ठरवलं की म्हणणं न ऐकता असं घरी पाठवणं इस्लामच्या आज्ञांशी विसंगत आहे. पुढे कायद्यातच तरतूद आली: आधी कारणं लेखी कळवायची, बाजू मांडायची वाजवी संधी द्यायची, मगच आदेश. म्हणजे आपल्याकडे संविधानाच्या आधाराने जे मिळालं नाही, ते तिकडच्या कर्मचाऱ्याला शरियतच्या वाटेने मिळालं. प्रबंधाला याहून चांगला प्रश्न कुठे मिळणार?

पण या वाटेच्या मर्यादाही लिहा. कायदे इस्लामशी सुसंगत आहेत का हे आधी फेडरल शरियत कोर्ट तपासतं आणि त्यावरचं अपील वरच्या पीठाकडे जातं. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या कोर्टात कोणताही नागरिक एखाद्या कायद्याला आव्हान देऊ शकतो, पण स्वतःची गेलेली नोकरी मागू शकत नाही. त्यासाठी सेवा न्यायाधिकरण वेगळं. खुद्द संविधान, मुस्लिम व्यक्तिगत कायदा आणि न्यायालयीन कार्यपद्धतीचे कायदे या कोर्टाच्या कक्षेबाहेर आहेत. आणि हे कोर्ट उभं करणाऱ्या लष्करशहा झिया-उल-हक यांच्याच राजवटीने १९८१ मध्ये नवी शपथ न घेणाऱ्या न्यायाधीशांना घरी बसवलं. त्यांना कसली नोटीस!

सौदीचं आकर्षण वेगळं आहे. इस्लामी कायदेपंडित अल-मावर्दी यांनी ११व्या शतकात वर्णन केलेली मझालिमची संस्था, म्हणजे अधिकाऱ्यांविरुद्ध दाद मागायची जागा, तिथे दीवान अल-मझालिम या नावाने १९५५ पासून स्वतंत्रपणे काम करते. २००७ च्या कायद्याने तिची तीन पायऱ्यांची प्रशासकीय न्यायालयं झाली. सरकारी नोकराला आधी प्रशासनाकडे तक्रार करून मग स्वतःचा वाद तिथे नेता येतो, त्यामुळे प्रत्यक्ष दाद मिळण्याच्या दृष्टीने ही वाट जवळची. अडचण संशोधकाची आहे: निकाल अरबीत, आणि आपल्यासारखी पूर्वनिर्णय बंधनकारक मानायची पद्धत नाही. अरबी येत असेल तर जरूर धाडस करा. पाकिस्तानचे निकाल इंग्रजीत आहेत आणि युक्तिवादाचा साचा आपल्या ओळखीचा.

देश कोणताही घ्या, साद इब्न अबी वक्कास यांचं प्रकरण मात्र टाळू नका. इराकमधल्या कूफा शहराच्या लोकांनी या राज्यपालाविरुद्ध खलीफा उमर यांच्याकडे तक्रार केली. उमर यांनी साद यांना बोलावून विचारलं, मग माणूस पाठवून कूफाच्या मशिदी-मशिदींत चौकशी करवली. एकजण सोडला तर सगळ्यांनी साद यांची स्तुतीच केली. तरी पद गेलं ते गेलंच. मृत्यूसमयी उमर यांनी स्पष्ट केलं की आपण साद यांना नाकर्तेपणामुळे किंवा अप्रामाणिकपणामुळे काढलं नव्हतं. विचारणा आणि चौकशी झाली म्हणून हा दाखला नोकराच्या बाजूचा. कलंक न लावता काढलं म्हणून सरकारच्याही बाजूचा, जवळजवळ बैकुंठनाथ दास निकालासारखा. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील.