आंकी, आठ महिन्यांनंतर: सगळं बिनसलं ते ‘हार्ड’ बटणापायी

गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये मला ‘रिलक्टंट’ हा शब्द हवा होता आणि तो आलाच नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. पैसे भरण्याच्या नव्या अटी मान्य करणं जर्मन गिऱ्हाइकाच्या जिवावर आलंय, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून गेलं ‘नॉट रेडी’. साहेबांनी तो नकार समजला आणि वर तसं कळवूनही टाकलं. निस्तरायला दोन दिवस गेले.

रागावले मी आंकीवर. हे ॲप कार्डावर शब्द दाखवतं, किती आठवला ते आपण बटण दाबून सांगायचं, त्यावरून ते पुढची उजळणी ठरवतं. हा शब्द त्यात पहिल्या आठवड्यापासून आहे, मग रोज सकाळी वीस मिनिटं घालवते ती कशासाठी?

त्याआधी एक पैसेवालं ॲप वापरत होते. वर्गणी संपली तशी मीच भरलेल्या नऊशे शब्दांना कुलूप लागलं. तक्रार केली तर ‘नूतनीकरण करा, शब्द परत दिसतील’ असं उत्तर आलं. माझेच शब्द मला विकत! म्हणून अँड्रॉइडवर फुकट असलेलं आंकी मिळालं तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते. नवी कार्डं रोज वीस हा ठरलेला आकडा मात्र नोकरी करणाऱ्या माणसाला झेपत नाही. तीन आठवड्यांत उजळणी दीडशेच्या वर गेली, तेव्हा मी तो सातवर आणला.

तर त्या मीटिंगनंतर मी ‘रिलक्टंट’ची कार्ड इन्फो, म्हणजे त्या कार्डावर आजवर काय काय दाबलं त्याची नोंद, उघडली. तीनदा ओळीने ‘हार्ड’ दाबलेलं. शब्द आठवला नाही की मी ‘हार्ड’च दाबायचे. अवघड गेला म्हणजे हार्ड, असंच कुणालाही वाटेल. पण आंकीच्या लेखी त्याचा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’. म्हणजे पास! आंकीच्या उजळणी ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत त्याने कार्ड पुन्हा दिसायची मुदत 1.2 पट वाढते. माझ्या विसरलेल्या शब्दाची मुदत 40 दिवसांवरून 48 आणि 48 वरून 58 झाली होती. विसरलं तर ‘अगेन’ हे दुसरं बटणच दाबायचं. आठदा विसरलेला शब्द ‘लीच’ म्हणून बाजूला काढायची सोयही आहे, पण ती ‘अगेन’ मोजते. मी ते दाबतच नव्हते, मग ॲपला कळणार कसं? ज्या बटणावर सगळी मदार आहे, त्याचं नाव इतकं फसवं ठेवायला नको होतं. एक तारा मी याचाच कापते.

राग ओसरल्यावर मत थोडं बदललं, कारण दुसरी चूक पूर्णपणे माझीच होती. मी ॲव्हरिल कॉक्सहेडबाईंच्या 2000 सालच्या शैक्षणिक इंग्रजी शब्दांच्या यादीचा, 570 शब्दकुळांचा (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ), तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतला होता आणि इतर शब्दही असेच तयार डेकमधून उचलले होते. ‘रिलक्टंट’समोर अर्थ होता ‘अनिच्छुक’. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात हा शब्द कुणी कधी उच्चारलेला नाही. मी तो खोडला आणि लिहिलं: ‘थंडीत पहाटे उठायचं आईच्या जिवावर येतं.’ खाली जर्मन गिऱ्हाइकाचं वाक्य इंग्रजीत. त्यानंतर तो शब्द एकदाही अडला नाही. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ला चालढकल, ‘ग्रज’ला मनातली अढी. गुजराती माध्यमात शिकल्यामुळे काही कार्डांवर गुजराती अर्थही चटकन सुचतो, तोही लिहिते.

आता तयार डेक बंद. शनिवारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून उभारलेली वाचनालयं आपल्याला फुकट मिळाली आहेत, त्यांचा उपयोग करायचा नाही तर काय! इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचं, अडलेले पाच-सहा शब्द वाक्यासकट वहीत उतरवायचे, रात्री कार्डं करायची. वाक्य सोडून नुसता शब्द घेतला की तो दुसऱ्या आठवड्यात जातोच, हे मी तीनदा करून पाहिलंय.

आयफोनवर हेच ॲप विकत घ्यावं लागतं, हे मला पटत नाही. नणंदेकडे आयफोन आहे. तिला मी ब्राउझरमध्ये आंकीवेब उघडून दिलं, ते फुकट आहे. पहिलं कार्ड यायच्या आधीच तिला बजावलं, विसरलीस तर ‘हार्ड’ला हात लावायचा नाही.