इन्क्युबेटरचा मेंटॉर की बाजारातले काका?

गोव्यात नवा धंदा काढणारी मुलं हल्ली मला विचारतात, इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या धंद्यांना सल्ला आणि मदत देणाऱ्या संस्थेत, नाव घालू की एखाद्या जुन्या व्यापाऱ्याचं बोट धरू? मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं डिचोलीला कोकमाचं छोटं युनिट आहे: सोलं, आगळ, सरबत. सॉफ्टवेअरवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सरकारी कागदांच्या बाबतीत इन्क्युबेटरला तोड नाही. माझी एकट्याच्या मालकीची फर्म होती. अशा फर्मला स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड लागते, हे मला तिथे कळलं. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाच्या) योजनेतलं २० लाखांपर्यंतचं अनुदानही इन्क्युबेटरमार्फतच दिलं गेलं. बाजारात हे सांगणारं मला कुणी भेटलं नसतं.

पण माझं मन उडालं ते एका गोष्टीमुळे. माझा कार्यक्रम गोव्याबाहेरचा होता, भेटी व्हिडिओ कॉलवर. ६ महिन्यांत ७ मेंटॉर, म्हणजे सल्लागार, झाले. माणसं हुशार, मनापासून बोलणारी. पण दर वेळी चेहरा नवा आणि माझा पाढा तोच: फळ एप्रिल-मेमध्येच का येतं, पाऊस लागला की सोलं का वाळत नाहीत, हॉटेलं पावसाळ्यात खरेदी का आखडतात. तासातला अर्धा वेळ यातच जायचा. एकाने किंमत वाढवायला सांगितली, मी वाढवली. पुढचा म्हणाला, कमी करा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल. पण वाढवल्यावर काय झालं, हे विचारायला पहिला माणूस पुन्हा भेटलाच नाही. ज्याने सल्ला दिला त्याला त्याचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

फोंड्याच्या बाजारातले काका वडिलांच्या ओळखीचे. मसाल्याच्या व्यापारात आयुष्य गेलेलं. पहिल्या भेटीत मी लॅपटॉप उघडला, तर त्यांनी उधारीची वही मागितली. पानं उलटत म्हणाले, “फळाचे पैसे तू मेमध्ये रोख मोजतोस. हॉटेलवाले तुला डिसेंबरात देतात. मधले महिने कुणाच्या पैशांवर काढतोस रे?”

बायकोचे दागिने गहाण होते. सातांपैकी एकाही मेंटॉरला मी हे सांगितलं नव्हतं. काकांना सांगितलं.

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करण्याची अट आहे, हे कार्यक्रमातल्या वकिलांनी नीट समजावलं होतं. माहिती मोलाची आहे, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, जरूर करून ठेवा. पण ज्याची गिऱ्हाइकंच आठ हॉटेलं, त्याने एकावर तक्रार केली की उरलेली सात बिचकतात. काकांची रीत अशी, की मागचं बिल मिटल्याशिवाय पुढची पेटी गाडीतून उतरवायची नाही, आणि हे पहिल्याच दिवशी गोडीत सांगायचं. शिवाय मेच्या अखेरीस घरोघर पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी चालते, तेव्हा नवी सोलं रोखीत विकायची, म्हणजे फळाचा बराच पैसा पावसाआधीच सुटतो. दोन हॉटेलं तुटली. बाकीची वेळेवर देऊ लागली. पुढच्या वर्षी दागिने घरीच राहिले.

काकांचं सगळंच बरोबर असतं असं मात्र नाही. बँकेचं कर्ज म्हटलं की ते मान हलवतात. त्यांचं ऐकून मी सोलं वाळवायचा ड्रायर दोन वर्षं उशिरा घेतला आणि दोन्ही वर्षं अवकाळीत माल भिजला. ऑनलाइन विक्रीतलं त्यांना काही सांगता येत नाही. आणि असे काका सगळ्यांच्या नशिबी नसतात. धंद्यात उतरणाऱ्या मुलींना बाजारातली ही दारं अजून सहज उघडत नाहीत. त्यांनी आधी इन्क्युबेटरच गाठावा असं मला वाटतं.

गाठायचाच तर शक्यतो जवळचा गाठा. वेर्ण्याला सीबा आहे, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात फायर आहे, साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: वर्षभर एकच मेंटॉर मिळेल का, आणि तो एकदा तरी युनिटवर येईल का? दोन्हींना हो म्हणाले, तर माझी तक्रार तिथे लागू होत नाही.

मी स्वतः महिन्याच्या पहिल्या रविवारी वही घेऊन अजून फोंड्याला जातो.