कलम २६ ची तक्रार: वरिष्ठाविरुद्ध दाद मागणाऱ्या जवानाला किती उपयोगी?

आर्मी अ‍ॅक्ट १९५० मधलं कलम २६ मुळात चांगलं आहे. अन्याय झालेल्या जवानाने आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार द्यायची. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर थेट त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तक्रार घेणाऱ्याला शक्य तितकी पूर्ण चौकशी करावीच लागते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यालाच ओलांडून जायची ही मुभा फार मोलाची.

अपेक्षाभंग होतो तो गल्लतीमुळे. कलम २६ दाद देतं, शिक्षा नाही. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ हा कलम ४७ खालचा गुन्हा आहे आणि त्यासाठी कोर्ट मार्शल लागतं. दोष सिद्ध झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात: काय दुरुस्त करून हवं, आणि कोणावर कोणत्या कलमाखाली कारवाई. कामावर असलेल्या वरिष्ठावर हात उचलला तर कलम ४० खाली १४ वर्षांपर्यंत कैद आहे. हा दुप्पट फरक आम्हाला खटकतो.

अर्ज फसतात ते मोघम भाषेमुळे. ‘साहेब नेहमी त्रास देतात’ या वाक्यावर चौकशी उभी राहत नाही. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावं आणि एमआय रूमची (युनिटच्या वैद्यकीय तपासणी कक्षाची) नोंद द्यावी. पोच घ्यावी, प्रत स्वतःजवळ ठेवावी. रागाच्या भरात पदरचं काही घालू नये: जाणूनबुजून खोटा आरोप केला किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली, तर कलम ५६ खाली तक्रारदारालाच पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुदतींच्या बाबतीत ही व्यवस्था कठोर आहे. कोर्ट मार्शलचा खटला साधारण तीन वर्षांच्या आत सुरू व्हावा लागतो. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचं. सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबणं धोक्याचं.

सगळ्यात मोठी उणीव बदलीची. बदल्या, पोस्टिंग आणि रजा हे विषय २००७ च्या न्यायाधिकरण कायद्याने ‘सेवाविषयक बाबीं’तून वगळले आहेत, म्हणजे न्यायाधिकरण ते ऐकत नाही. तक्रारीनंतर सूडाने बदली झाली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.